मधल्या तीन इयत्ता

केनियातला चाळिशीतला माणूस स्वतःची ओळख ‘मी ८-४-४वाला’ अशी सहज करून देतो. आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. त्याच्या वडिलांचा हिशेब ७-४-२-३ असा, इंग्रजांच्या ओ लेव्हल, ए लेव्हलच्या साच्यातला. तो साचा १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी मोडला. मोई मूळचे शाळामास्तर. आणि या चाळिशीतल्या माणसाची मुलं आता २-६-३-३-३ मध्ये शिकताहेत: बालवर्गाची दोन वर्षं, सहा प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन वरिष्ठ माध्यमिक आणि शेवटची तीन विद्यापीठाची. बालवर्ग वगळले तर एकूण वर्षं एकाने कमीच झाली आहेत.

८-४-४ चा हेतू वाईट नव्हता. आठवीनंतर शाळा सुटलेल्या पोराच्या हातात काहीतरी कसब असावं म्हणून सुतारकाम, शेती, गृहविज्ञान असे विषय आले. त्यासाठीच्या कार्यशाळा मात्र पालकांनी वर्गणीतून बांधायच्या होत्या. कुठे भिंती उभ्या राहिल्या, हत्यारं आलीच नाहीत. मग उरली ती आठवीची केसीपीई परीक्षा, पाचशे गुणांची. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळेत आली. परीक्षा होती तिथेच राहिली.

या परीक्षेचा खरा धाक नापास होण्याचा नव्हता. केनियातल्या सरकारी माध्यमिक शाळांची उतरंड होती: राष्ट्रीय, एक्स्ट्रा-काउंटी, काउंटी आणि सब-काउंटी. वरच्या टोकाला १९२६ ची अलायन्स हायस्कूलसारखी निवासी शाळा, खालच्या टोकाला गावाने ‘हरांबे’ म्हणजे लोकवर्गणीतून उभी केलेली अनिवासी शाळा. गुणांवरून पायरी ठरायची. तेराव्या-चौदाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन मूल कोणत्या वसतिगृहात निघालं, यावर घरातले लोक त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधत.

२०१७ मध्ये २-६-३-३-३ साठीचा सीबीसी नावाचा नवा अभ्यासक्रम चाचणीपुरता सुरू झाला आणि २०२३ मध्ये शेवटची केसीपीई झाली. याचं मी मनापासून स्वागत केलं असतं, मधल्या तीन इयत्तांची अशी आबाळ झाली नसती तर. सातवी ते नववीचे वर्ग माध्यमिक शाळांत भरवायचं आधी ठरलं होतं. पण बारा वर्षांचं मूल मोठ्या मुलांच्या वसतिगृहात पाठवायला पालक धजेनात. अखेर प्रा. राफाएल मुनावू यांच्या समितीच्या शिफारशीवरून हे वर्ग प्राथमिक शाळांच्या आवारातच ठेवले गेले. निर्णय शहाणपणाचा होता, पण जानेवारी २०२३ मध्ये सातवी सुरू झाली तेव्हा त्या आवारात प्रयोगशाळा नव्हत्या. शिकवायला आले ते बरेचसे ‘इंटर्न’, म्हणजे पूर्ण पात्रतेचे पण महिना वीस हजार शिलिंगवर कंत्राटाने घेतलेले शिक्षक. इतिहासाच्या शिक्षकाला विज्ञानही घ्यावं लागलं. २०२४ मध्ये हे शिक्षक संपावर गेले. कोणाला नवल वाटलं नाही.

आता नववीच्या शेवटी निवड होते. तिच्यात साठ टक्के वजन नववीच्या परीक्षेला, वीस टक्के सहावीच्या आणि वीस टक्के सातवी-आठवीतल्या शालेय मूल्यमापनाला. पहिली तुकडी २०२५ मध्ये या परीक्षेला बसली आणि जानेवारी २०२६ मध्ये दहावीत गेली. पुढे वाटा तीन: विज्ञान-तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि कला-क्रीडा. कागदावर छान. पण लहान शाळांत तिन्ही वाटा नसतात. जुन्या राष्ट्रीय शाळांचं नाव आता ‘सी-१’ झालं, सब-काउंटी शाळा ‘सी-४’ झाल्या. पाट्या रंगवणाऱ्याला काम मिळालं एवढंच. निवडीचा क्षण एक वर्ष पुढे सरकला आणि तिच्या तयारीची वर्षं नेमकी अशा आवारात गेली, जिथे बन्सन बर्नर चित्रातच दिसतो.

आपल्याकडे नव्या शिक्षण धोरणातल्या ५-३-३-४ ची आकडेमोड चालली असताना केनियाकडे बघावं ते यासाठी. नैरोबीतल्या शिक्षणमंत्र्यांनी मला विचारायचं काही कारण नाही, पण विचारलंच तर दहावीतल्या वाटांची जाहिरात दोन वर्षं थांबवा, असं मी सांगेन. तो पैसा सातवी ते नववीच्या प्रयोगशाळांना द्या, आणि इंटर्न शिक्षकांना कायम करा, निदान विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना तरी आधी.