पी.टी.चा तास कुणी खाल्ला?

परवा लेकीचं दप्तर आवरताना वेळापत्रक हाती लागलं. बुधवार आणि शनिवारच्या 'पी.टी.'वर निळ्या पेनाने काट मारलेली आणि वर लिहिलेलं, 'गणित'. शाळेवर चिडायची सोय नव्हती, कारण ती काट माझ्याच सहीने पडली होती.

झालं असं, की पालकसभेत स्कॉलरशिपचा विषय निघाला. "खेळायला संध्याकाळ आहेच की! तो तास गणिताला द्या," असा अर्ज आम्ही चार-पाच आयांनीच लिहून दिला. सर तयारच होते.

आता खरं सांगा, संध्याकाळ आहे कुठे? पाचला शाळा सुटते, साडेपाचला ट्यूशन. साताला घरी येते तोवर अंधार. मग गृहपाठ, जेवण, झोप. लगोरी, लंगडी, दोरीच्या उड्या यांना जागा उरतेच कुठे?

बरं, गणित तरी सुधारलं का? उलट हातचे विसरायला लागली. मी ओरडले, तर म्हणाली, "आई, बसून बसून डोकं बधिर होतं गं."

मैत्रिणींनो, मी घरी शिवणकाम करते. तीन तास सलग मशीनवर बसले, की टीप वाकडी जायला लागते. मग मी उठते, अंगणात दोन फेऱ्या मारते, पाणी पिते आणि परत बसते. टीप सरळ! मला जे कळतं, ते लेकीच्या बाबतीत कसं कळलं नाही?

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांचा २००९ मधला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. साधारण नऊ-दहा वर्षांची २० मुलं. एक दिवस त्यांना नुसतं बसवलं, एक दिवस २० मिनिटं चालवलं, आणि दोन्ही वेळा चाचण्या घेतल्या. चालल्यानंतर मुलांचं लक्ष जास्त टिकलं, वाचलेलंही जास्त चांगलं समजलं. प्रयोग छोटा आहे, आणि नुसतं खेळून कुणाला भागाकार येत नाही, हे मलाही कळतं. पण शिकवलेलं डोक्यात शिरायला डोकं ताजं लागतं, एवढं तर खरं ना?

"आमच्या शाळेला मैदानच लहान," असं कुणी म्हणेल. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग इथल्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये साधी गोष्ट सुरू केली. रोज १५ मिनिटं मुलांनी वर्गाबाहेर पडायचं आणि जमेल तसं धावायचं नाहीतर चालायचं. कपडे बदलायचे नाहीत, साहित्य नाही, स्पर्धा नाही. एवढं तर आपल्या शाळेच्या अंगणातही होईल. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल सांगते. आपल्या मुलींची मोजून बघा बरं! मुलगा निदान सायकल घेऊन उंडारतो तरी. मुलगी जरा मोठी झाली, की "उड्या काय मारतेस?" म्हणणाऱ्याही आपणच.

शेवटी मी दुसरा अर्ज लिहिला. सर हसून म्हणाले, "मागच्या वेळी सही तुमचीच होती, ताई." मान खाली घालून म्हटलं, "हो सर, चुकलं माझं." पहिल्या अर्जावर पाच सह्या होत्या, या अर्जावर दोनच. तरी शनिवारचा तास परत मिळालाय. बुधवारचा अजून गणिताकडेच आहे. तो मागायला पुढच्या सभेत पुन्हा उभी राहणार आहे.

तुम्हीही आज लेकरांचं वेळापत्रक उघडून बघा. तिथेही एखादी काट असेल, तर ती कुणाच्या सहीने पडली, हे आधी आठवून बघा.