दाभोळपर्यंत अरेंज्ड

परवा जेवताना लेकीनं विचारलं, "बाबा, तुमचं लव्ह मॅरेज की अरेंज्ड?"

"अरेंज्ड," मी म्हटलं.

भात वाढता वाढता बायको म्हणाली, "दाभोळपर्यंत अरेंज्ड."

लेकीला काही कळलं नाही. मला कळलं. आता तुम्हालाही सांगतो.

गोष्ट 2010 च्या डिसेंबरातली. लग्नाला आठ महिने झालेले. दोघंही पुण्यात आयटीत. माझी शिफ्ट सकाळची, तिची यूएसची. मी घरी पोचायचो तेव्हा ती खाली कॅबची वाट बघत उभी असायची. बाकी सगळा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. 'दूध तापवलंय.' 'गॅसचा नंबर लाव.' भांडणं? छे! भांडायला दोघांनी एकाच वेळी जागं असावं लागतं. आम्ही नवरा-बायको कमी आणि एकमेकांना अजिबात त्रास न देणारे रूम पार्टनर जास्त होतो.

नाताळला जोडून रजा मिळाली आणि मी पल्सर काढली. गोव्याला जायचं, पण हायवेनं नाही. ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्यानं, हरिहरेश्वर ते तेरेखोल. चार दिवस, सहाशेच्या वर किलोमीटर. आई फोनवर म्हणाली, "बाईकवरून? आणि तिलाही घेऊन? का रे, रेल्वे बंद पडली का?"

बाईकवरून लांब गेला असाल तर एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. दिवसभर दोघं एकमेकांना खेटून बसलेले, पण चेहरा काही दिसत नाही. आरशात दिसतं फक्त हेल्मेट. आत्तासारखे हेल्मेटमधले ब्लूटूथ आमच्याकडे नव्हते. त्यामुळे आमची खुणांची भाषा ठरलेली. खांद्यावर एक थाप म्हणजे चहा. दोन म्हणजे हळू. चिमटा म्हणजे 'अरे, समुद्र बघ!'

पण कोकणचा किनारा तुम्हाला सलग गाडी चालवू देत नाही. मध्ये खाड्या आडव्या येतात. तिथे बाईक जंगलजेट्टीवर चढवायची, स्टँडला लावायची, हेल्मेट काढायचं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत गप उभं राहायचं. करण्यासारखं दुसरं काहीच नसतं.

पहिली खाडी बाणकोटची. बागमांडल्याहून वेश्वी. हेल्मेट काढलं आणि समोर बायको! आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही भरदुपारी, हातात काहीही काम नसताना समोरासमोर होतो. काय बोलावं सुचेना. मी तिला बाईकचं अ‍ॅव्हरेज सांगितलं. तिनंही ते मन लावून ऐकलं.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव बघितला, रात्री तिथेच राहिलो आणि सकाळी दाभोळ गाठलं. जेट्टी सुटली. पलीकडे अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "मला ऑनसाइट मिळतंय. न्यू जर्सी. एक वर्ष. सोमवारी एचआरला सांगायचंय."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

मी भडकलो. तीन आठवडे? फ्रिजवर चिठ्ठी तरी लावायचीस! "मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?"

"नाही रे," ती म्हणाली. "तू लगेच 'हो, जा की' म्हणशील, याची भीती वाटत होती."

यावर काय बोलणार? बोलायला वेळही नव्हता. धोपावे आलं, रॅम्प खाली पडला, मागचा जीपवाला हॉर्न मारायला लागला. आम्ही निघालो. गुहागर आलं, गेलं. हेदवी आलं, गेलं. खांद्यावर एकही थाप नाही. तिनं खांदा सोडून मागचा बार धरला होता. समुद्र दिसला तेव्हा मी वाट बघत होतो. चिमटा आला नाही.

तवसाळला पोचलो तर आमच्या डोळ्यांदेखत जयगडची जेट्टी सुटली. पुढची यायला वेळ होता. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी टपरीवरून दोन चहा घेतले आणि तिच्याशेजारी धक्क्यावर बसलो. तिचं खरं होतं. मी 'जा की' म्हणालोच असतो. मला वाटायचं, मॉडर्न नवरा असाच असतो. करिअरच्या आड येत नाही, प्रश्न विचारत नाही आणि आपल्याला काय वाटतं तेही सांगत नाही.

चहा संपला तेव्हा म्हणालो, "तू जावंस असं मला वाटतं. पण तू गेलीस तर घरी यावंसं वाटणार नाही."

मोठा डायलॉग नव्हता. पण जयगडहून निघालो तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर होता. पुढे आरे-वारेच्या वळणावर समुद्र एकदम समोर आला आणि इतक्या जोरात चिमटा बसला की हँडल हललं.

ती गेली. अकरा महिने राहिली. रोज रात्री स्काइपवर आम्ही चिक्कार भांडलो. परत आली तेव्हा आम्ही एकमेकांना चांगलेच ओळखत होतो.

गेल्या डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेनं गेलो. या वेळी कारनं, लेकीला घेऊन. दाभोळच्या जेट्टीवर गाडी चढवली, काचा वर, एसी चालू, तिघांच्या हातात तीन मोबाईल. या खाड्यांवर आता पूल व्हायचे आहेत. व्हायलाच हवेत. गुहागरच्या माणसाला दापोलीला जाण्यासाठी जेट्टीची वाट बघायला लावणं किंवा चिपळूणचा वळसा घालायला लावणं, यात रोमँटिक काही नाही. पेशंट घेऊन निघालेल्याला विचारा.

मी हे सगळं तिला ऐकवत होतो. तिनं सीटबेल्ट काढला, दार उघडलं आणि म्हणाली, "पूल होईल तेव्हा होईल. आत्ता खाली उतर."

उतरलो. कठड्याला टेकून दोघं उभे राहिलो. काय बोलावं, पुन्हा सुचेना. शेवटी मी कारचं अ‍ॅव्हरेज सांगायला सुरुवात केली.

चिमटा बसला. या वेळी समुद्रासाठी नव्हता.