मिरजेचं पाणी कुठून येतं?



एप्रिल 2016 आठवतो का? लातूरला प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा मिरजेत कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. देशभर कौतुक झालं, आणि काम कौतुकाचंच होतं.

पुढं तीनच वर्षांनी, ऑगस्ट 2019 ला, तीच कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. मिरजेचा कृष्णाघाट पाण्याखाली. मग सगळी चर्चा अलमट्टीवर. वर डोंगराकडं कोण बघतो?

हे पाणी येतं कुठून? कृष्णा महाबळेश्वरातून, कोयना तिला कराडला मिळते, वारणा चांदोलीच्या रानातून येऊन हरिपूरला मिळते. या खोऱ्यांतली गावं आधी धरणांनी उठवली, मग 1985 ला चांदोलीचं अभयारण्य झालं तेव्हा उरलेली. जी डोंगरात राहिली त्यांचं काय? जुलै 2021 च्या पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात दरडी घरांवर आल्या, माणसं गाडली गेली. खाली पूर येतो तेव्हा वर डोंगर सुटतो, पण बातमी आणि मदत दोन्ही आधी खालीच पोचतात.

आता सरकार म्हणतं, बदलत्या हवामानाला तोंड द्यायची ताकद वाढवा. श्रीमंत देशांनी 2009 ला कोपनहेगनला कबूल केलं होतं, 2020 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. वेळेत झाले नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की जे काय येईल त्यातलं पाणलोटातल्या ग्रामसभेच्या हातात किती पडणार, ते आधी सांगा. नाहीतर ताकद म्हंजे पुन्हा भिंत आणि पंप. नायतर रोपं लावायची म्हणून आपलं चराऊ रान तारेनं बंद!

2019 सारखा पाऊस जंगल एकटं अडवील असं आम्ही म्हणत नाही. पण धरून ठेवलेली माती, वणव्यापासून राखलेलं रान, जिवंत झरा यानं उन्हाळ्यातलं पाणी टिकतं, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कायदाही तेच सांगतो. वनहक्क कायदा 2006, कलम 5: पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला. हा अधिकार कोणी साहेब देत नाही, तो दिलेलाच आहे. वापरत नाही ते आपण.

आदिवासी नसलेल्या वननिवासींना 75 वर्षांच्या वस्तीचा पुरावा लागतो, आणि उठवलेल्या गावांचे कागद धरणात गेले म्हणून दावे अडतात. नियमांत ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा धरलाय. ती माणसं हयात आहेत तोवर जबाब लिहून घ्या.

पुढच्या ग्रामसभेत आपले झरे, ओढे, दरडीच्या जागा नावानिशी नोंदवा. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला ती यादी जोडा. एक प्रत उपविभागीय समितीला द्या आणि पोच घेतल्याबिगर उठू नका.