आजार आपला, मग नोंद कुणाची?

नागपूर, चंद्रपूर, गोंदिया भागात सिकलसेलचा रुग्ण असलेल्या घरात कागदांची एक पिशवी असते. रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या आणि पिशवी घरीच राहिली, तर नव्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून रुग्णाला स्वतःची नोंद मोबाईलवर दिसावी की नाही, हा प्रश्न आम्ही आपला मानतो.

इंग्लंडमध्ये यावर मोठा वाद झाला. तिथे बहुतेक प्रत्येकाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेले असते. सरकारने २०२३-२४ च्या करारात अट घातली की, ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत दवाखान्यांनी रुग्णांना पुढच्या नव्या नोंदी ऑनलाइन खुल्या कराव्यात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने विरोध केला. डॉक्टरांवर आधीच कामाचा ताण आहे, त्यात प्रत्येक नोंद तपासून दुसऱ्याची माहिती झाकायची कुणी? आणि घरात मारहाण सोसणाऱ्या बाईने डॉक्टरला विश्वासाने सांगितलेले तिच्या नवऱ्याने तिच्याच फोनवर वाचले तर? हा शेवटचा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. अशा रुग्णाची नोंद ऑनलाइन न दाखवण्याची सोय असलीच पाहिजे.

पण कामाच्या ओझ्याची भीती कितपत खरी? अमेरिकेत २०१० मध्ये तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी आपल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांना तपासणीच्या नोंदी वाचायला दिल्या. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या शंकांमुळे जादा वेळ गेला असे सांगणारे डॉक्टर फारच थोडे निघाले. वर्षभरानंतर एकाही डॉक्टरने ही पद्धत बंद केली नाही. औषधे घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनी सांगितले की, नोंद वाचल्याने औषधे नीट घेतली जातात. काही डॉक्टरांनी मात्र आपले लिहिणे बदलल्याचे कबूल केले.

आमच्या मते खरी गोम इथेच आहे. रुग्ण वाचणार आहे हे कळले की लेखणी सांभाळून चालते. २०१८ साली अमेरिकेतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या एकाच काल्पनिक रुग्णाच्या दोन नोंदी शिकाऊ डॉक्टरांना दिल्या गेल्या. वैद्यकीय माहिती तीच, पण एकीची भाषा संशयाची आणि हिणवणारी. ती वाचणाऱ्यांचे रुग्णाबद्दलचे मत वाईट झाले आणि त्यांनी वेदनाशामक औषधही हात राखून सुचवले. म्हणजे एका डॉक्टरने लिहिलेला पूर्वग्रह पुढच्या डॉक्टरच्या हातात जातो आणि किंमत रुग्ण मोजतो. शब्दांतून हिणवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

आता आपल्याकडे बघू. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ अंकी आभा क्रमांक निघू लागले. पण वस्तीतला फॅमिली डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहितो, ती रुग्णाच्या हातात देतो आणि स्वतःकडे बहुधा काहीच ठेवत नाही. जिथे नोंदच नाही तिथे मोबाईलवर दिसणार काय? इंग्लंडमध्ये भांडण नोंद दाखवण्यावरून आहे, आपले भांडण ती लिहिली जाण्यापासून सुरू होते.

अधिकार मात्र आजही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. किती जणांनी ती कधी मागितली?

कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, चिठ्ठीवर आजाराचे नाव वाचता येईल असे लिहून मागण्याची सवय समाजाला लावावी. दुसरे, शिबिरात आभा काढून देताना तो ऐच्छिक आहे आणि नोंद कुणी पाहायची ते संमतीने ठरते, हे मराठीत समजावून सांगावे. घरात एकच फोन असेल तर ओटीपी कुणाच्या हातात जातो, हेही विचारावे. मुलगी सिकलसेलची वाहक आहे ही गोष्ट लग्नाच्या बोलणीत तिच्या संमतीशिवाय फुटली, तर तिच्यासाठी तो क्रमांक शाप ठरेल. तिसरे, दर रुग्णाच्या कागदांचे फोटो काढून त्याच्याच फोनमध्ये ठेवायला मदत करावी. याला सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.

डॉक्टरांना आम्ही शत्रू मानत नाही. अडीअडचणीला उधारीवर तपासणारे डॉक्टर आपल्या वस्त्यांनी पाहिले आहेत. पण आपल्या शरीराबद्दल काय लिहिले आहे, हे आपल्याला वाचता आलेच पाहिजे. ते मागताना संकोच करू नका.