परराज्यातून आलेल्या मुलांचा वाली कोण?

चाकण एमआयडीसीलगतच्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. वर्गात गावच्या आणि मराठवाड्यातल्या मुलांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं आहेत. वडील ठेकेदाराकडे कामाला. काम सुटलं की कुटुंब भोसरीला, नाहीतर थेट गावी. हजेरीपटावर नाव राहतं, मूल जातं.

ओडिशातून आलेल्या एका मुलीला मराठी उतारा वाचायला दिला, तर ती गप्प. मग तिने वहीच्या मागच्या पानावर गोलगोल उडिया अक्षरांत स्वतःचं, आईचं, गावाचं नाव लिहून दाखवलं. लिहिता-वाचता येणारी ही पोर आमच्या नोंदीत मात्र ‘अप्रगत’ होती.

शिक्षण हा मूळचा राज्यांचा विषय. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि दिल्लीचा अधिकार वाढला. अधिकार आला, तशी जबाबदारीही आली. महाराष्ट्रातल्या मुलांच्या पुस्तकांचं बालभारती बघेल. पण दोन राज्यांच्या मध्ये सापडलेलं मूल केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच सांभाळायला हवं.

कागदावर उणीव नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, दाखल्यावाचून प्रवेश अडवू नका, वयानुसार वर्गात बसवा, मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्या, शक्यतो मातृभाषेतून शिकवा. २०२० चं राष्ट्रीय धोरणही मातृभाषेचाच आग्रह धरतं. २०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून राज्य ढवळून निघालं, जूनअखेर शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात या मुलांच्या पहिल्या भाषेची काळजी मला कुठे ऐकू आली नाही.

केंद्रीय मंत्रालयाने तीन गोष्टी कराव्यात. त्या-त्या राज्याची प्राथमिक पुस्तकं औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांत जूनमध्येच पोचवावीत. चाळींत बारावी झालेल्या परप्रांतीय आया आहेत. समग्र शिक्षा अभियानातून मानधन देऊन त्यांना वर्गात मदतीला घ्यावं. आणि मूल काय शिकलं याची नोंद त्याच्यासोबत पुढच्या शाळेत जावी.

या मुलांनी मराठी शिकायलाच हवी. चाकणच्या संग्रामदुर्ग किल्ल्यावर किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांची गोष्ट अर्धी हिंदीत सांगितली, तेव्हा प्रश्न विचारायला हीच पोरं पुढे होती. स्वतःच्या भाषेचा हात धरून ती मराठीत लवकर रुळतात. चाकणच्या कारखान्यांचा कर दिल्लीला जातो. तिथे राबणाऱ्यांच्या मुलांसाठी एवढी तरतूद येत्या अर्थसंकल्पात झालीच पाहिजे.