दारामागचा कागद

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या समितीने महिलांच्या स्वच्छतागृहात, दारामागे, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी मदतीचे फोन नंबर चिकटवले. त्यावरून व्हॉट्सॲपवर महिनाभर काय चाललंय ते सगळ्यांनी वाचलंच आहे. ‘सणासुदीला हे अभद्र कशाला’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा मान राखून सांगतो: आपल्या हॉलमध्ये बाईला दोन मिनिटं एकटीला मिळणारी तेवढी एकच जागा आहे. कागद तिथेच राहील. (वाणाच्या टेबलावर ठेवा, ही सूचना चांगल्या मनाने आली होती, पण तिथून तो उचलणारीकडे पन्नास जणी बघतात.)

त्यावर ९११ आहे आणि १९८५ पासून न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी ‘मानवी’ आहे. इथली सोय म्हणजे बरी आहे. आमची फजिती झाली ती भारतातल्या सोयीच्या बाबतीत. वसमत तालुक्यात दिलेल्या भाचीला घरी मारहाण होते, असं आपल्या एका सभासदाला दिवाळीत कळलं. त्यांनी आम्हा चौघांना विचारलं. चौघेही मराठवाड्याचे! एकाने छातीठोकपणे सांगितलं, परभणीला जा. वसमतसह हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. महिला हेल्पलाइनचा १८१ आठवला, तर तो इथून लागेना.

मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काढून वाचला. त्यात संरक्षण अधिकाऱ्याला मामाही कळवू शकतो, शेजारीही. सद्हेतूने कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. मुलगी माहेरी आली असेल तर माहेरच्या कोर्टात अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. हे आधी ठाऊक असतं तर ‘जरा सांभाळून घे’ असं तिला फोनवर कुणी सांगितलं नसतं.

मंडळ कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही आणि सगळ्या पुरुषांवर संशयही घेत नाही. पण याच विषयावरच्या फेब्रुवारीतल्या बैठकीला अकरा माणसं आली, आणि मिसळ स्पर्धेला पार्किंग पुरलं नाही, हेही नोंदवायला हवं.

तेव्हा पाडव्याआधी एवढं करा. ज्यांचं कुणी हिंगोली, परभणी, नांदेडकडे आहे, त्यांनी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर मागवून समितीला पाठवा. नुसता नंबर नको. तिथल्या माणसाकडून तो आधी लावून बघा, आणि संध्याकाळी सहानंतर कुणी उचलतं का, तेही लिहा.