गिऱ्हाईक गेलं म्हणून चाक थांबवू नका



"सर, लोक आता आमचा माल घेत नाहीत. धंदा बंद करू का?" ट्रेनिंगला आलेला एक तरी जण हे विचारतोच. त्याला मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुंभारांची गोष्ट सांगतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात सीग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. त्या भागातले कुंभार पिढ्यान्‌पिढ्या दारूचे जग, लोण्याचे डेरे, लोणच्याच्या बरण्या घडवायचे. भट्टी चांगली तापली की आत मीठ टाकायचे, त्यानं भांड्याला झिलई यायची. पुढे काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे आले. 1908 मध्ये राज्याने दारूबंदीचा कौल दिला आणि जगची मागणीही आटली. कितीतरी जणांनी चाक सोडलं.

मग जाक आणि ज्यूलियाना बझबी या कलाकार जोडप्याने तिथे 'जगटाउन पॉटरी' उभी केली. ज्यूलियानाने न्यूयॉर्कमध्ये टी-रूम काढून ही भांडी शहरातल्या गिऱ्हाइकासमोर ठेवली. 1923 मध्ये बेन ओवेन हा कुंभाराच्याच घरातला तरुण कामाला आला. जाकने त्याला म्युझियममध्ये नेऊन चीन-जपानची भांडी दाखवली. हात तेच, चाक तेच. आकार नवे, गिऱ्हाईक नवं.

म्हणून माझं मत असं, की "बदला, नाहीतर संपाल" हा सल्ला अर्धवट आहे. काय बदलायचं नाही, ते आधी ठरवा. त्या कुंभारांचा खरा माल जग नव्हताच, हातातलं कसब होतं.

पण एक धोकाही बघा. शहराला काय आवडतं हे बझबींना कळत होतं, त्यामुळे काय घडवायचं हेही बरंचसं तेच ठरवत. ओवेनने 1959 मध्ये स्वतःची वेगळी पॉटरी काढली. आज सीग्रोव्हमधले बरेच कुंभार कारखान्याला लागूनच दुकान ठेवतात, मग आणि ताटल्या स्वतः विकतात. कुणी लाकडाची भट्टी पेटवतं, कुणी गॅसची. गिऱ्हाईक काय उचलतं आणि काय परत ठेवतं, ते त्यांना समोरच दिसतं.

आजचा गृहपाठ: वहीत दोन रकाने पाडा. एकात लिहा, गिऱ्हाईक काय घेईनासं झालंय. दुसऱ्यात लिहा, तुम्हाला काय येतं. धंदा बंद करायचा निर्णय पहिला रकाना वाचून घेऊ नका. दुसरा भरा, मग बोलू.